खुंटीवरचा मुकेना

योग्यकार्ता. वनस्पतिशास्त्र विभाग,
जिन्याखाली नमाजची खोली, चटई अडीच माणसांची.
खुंट्यांवर चार मुकेने,
डोक्यापासून पायघोळ, पांढरे म्हणायचे,
कुणाचेच नाहीत म्हणून सगळ्यांचे.
एकाला लवंगेच्या तेलाचा वास,
एकाला तळलेल्या केळ्यांचा.

मी उशिरा जाते, खोली रिकामी झाल्यावर.
वजूचं पाणी कोपरापर्यंत चढतं,
त्याच्या पुढे कोरडंच.
दुसरी रकात की तिसरी?
बोटं मोजतात, मन भलतीकडे.
प्रबंधाचं चौथं प्रकरण
सात महिने झाले, चौथंच आहे.

मावशी फोनवर म्हणाली, श्रद्धा कमी पडते, वेनिंग,
तहज्जुदला उठत जा.
उठत जा?
रात्री तीनला मी जागीच असते गं, रोज.
नुसत्या जागरणाचं पुण्य मिळत असतं
तर एव्हाना जन्नतीत खोली लागली असती,
बाथरूमसकट.

हेस्ती या विनोदाला हसली नाही.
तिने स्कूटर काढली,
हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं,
हनुवटीखाली पट्टा लावला, लहान पोरीला लावतात तसा.

तिसरा मजला. समुपदेशक एन्दांगबाई.
हिजाबाची टाचणी सारखी करत त्यांनी विचारलं,
जेवतेस का?
मला वाटलं होतं, विचारतील, नमाज पढतेस का.
त्यासाठी उत्तर घोकून आले होते.
मग चौदा मिनिटं रडले.
घड्याळाकडे त्या पाहत नव्हत्या, मी पाहत होते.

गोळी रोज एक.
आणि रमजानात?
"सहरीला घे. नाहीच झेपला रोजा,
तर आजाऱ्याला सवलत आहे,
आणि ती काही मी दिलेली नाही."

बरं वाटतं का, एवढ्यात विचारू नका.

काल असरला मुकेना चढवला
तर गालाशी येते ती किनार ओली.
मी अजून रडले नव्हते.
कुणाच्या वजूचं पाणी असेल.
ओठाला लागलं ते जरा खारट होतं.
घामही असेल.
तिचं नाव माहीत नाही, वर्ष माहीत नाही.
स्वतःसाठी मागताना जीभ अडते माझी,
तिच्यासाठी दुआ सुरळीत निघाली.

धुण्याची पाळी या आठवड्यात माझी नव्हती.
तरी तीन मुकेने पिशवीत कोंबले.
चौथा, त्यातल्या त्यात कोरडा,
राहू दिला खुंटीवर,
मगरिबला कुणी आली तर.