टिलरीचा अंगठा

ईरी, पेनसिल्व्हेनिया. फेब्रुवारी.
सरोवरावरून येणारा बर्फ
पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून पुसतोय.
आत अकराशे माणसं, निम्मी पॉपकॉर्नसाठी आलेली,
आणि सातव्या रांगेत मी, मांडीवर फॉर्म.

जव्हॉन टिलरी. फॉरवर्ड. वय एकवीस. सहा फूट आठ.

पायांबद्दल आधी लिहितो.
इचलकरंजीत आमचा बाबू मगदूम
खो-खोच्या खांबाला हात लावून असाच वळायचा,
फक्त इथे खांब नाही,
समोरच्या माणसाचाच खांब होतो.
रिबाउंड: चेंडू कुठे पडणार
हे याला चेंडूच्या आधी कळतं.
बचाव: कुणापुढेही उभा करा. बडबड करतो, ते बरंच.
तिसऱ्या क्वार्टरमध्ये पडलेल्या पोराला उठवायला
अर्धं कोर्ट मागे आला. याला रकाना नाही.

आता नेम.
लांबून शंभरात सत्तावीस. फ्री थ्रो साठ.
कोपर बाहेर. आणि डावा अंगठा,
ज्यानं नुसतं सोबत यायचं,
तो ऐन वेळी लग्नातल्या आगाऊ काकासारखा मध्ये पडतो.
व्हिडिओ चाळीस वेळा थांबवून पाहिला.
चुकला की उजवीकडे, चार बोटं.
चारच.
घाबरलेला माणूस इतका नेटका चुकत नाही.

मध्यंतरात मागच्या रांगेतून आवाज आला.
नखांत ग्रीस, टोपीवर यंग्स्टाउनच्या गॅरेजचं नाव.
"माझा भाचा. ती पहिली रिंग मीच ठोकलेली, दारात.
एका हिवाळ्यात बर्फाच्या वजनानं उजवीकडे कलली.
सरळ करतो, करतो म्हणता नऊ वर्षं गेली."

पेन्सिल खाली ठेवली.
म्हणजे शंभर मैलांवरच्या त्या रिंगमध्ये
आज रात्रीचे त्याचे सगळे चेंडू पडलेत.

फॉर्म विचारतो: दोष सुधारण्याजोगा? हो, नाही.

शेवटचं मिनिट, दोन गुणांनी मागे.
उजव्या कोपऱ्यात तो मोकळा, एकटा.
अर्धा सेकंद थांबला.
पास दिला.
मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी लिहिलं: दोन उन्हाळे लागतील.
खोडलं. एक.
पुन्हा दोन.

निघताना त्यानं विचारलं, काय लिहिलंत?
पाय फार चांगले आहेत, मी म्हटलं.
"ते माझ्या बहिणीचे," तो म्हणाला,
आणि बर्फात हातानं चाचपत
आपली गाडी शोधायला गेला.