कोणती डबी

ग्विलिमने ब्रोकोली कधी खाल्ली नाही.
नेरिसची पाठ वळली की टेबलाखाली,
एकामागून एक तीन कुत्र्यांच्या तोंडात.
आता तीच आलीय पूड होऊन,
हळद, डाळिंबाची साल, ग्रीन टीच्या संगतीत,
सकाळी एक कॅप्सूल, रात्री एक.
किंवा नसेलही आली.
निम्म्या डब्यांत नुसता खडू आहे म्हणे,
कोणत्या निम्म्या, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही.

"तिला घाई नाही," डॉक्टर म्हणाली होती गाठीविषयी,
मुक्कामी आलेल्या पाहुणीविषयी बोलावं तशी.
"आपण नजर ठेवू. तुम्ही चालत राहा."

म्हणून तो चढतो.
रोंडाच्या खोऱ्यातली ही टेकडी देवाने केलेली नाही.
खाणीतून उपसलेला काळा गाळ आहे,
तेवीस वर्षं त्याचंही फावडं होतं त्यात.
आता वर गवत, मेंढ्या,
आणि मंगळवारी, शुक्रवारी
धापा टाकणारे पाच म्हातारे.
रग्बीविषयी बोलतात, रात्रीतून किती वेळा उठलो त्याविषयी.
मरणाचं नाव निघालं
की कुणीतरी बुटाची नाडी बांधायला वाकतो.

तीन महिन्यांनी रक्ताचा आकडा:
सहा पूर्णांक एक. मागच्या वेळी सहा.
नेरिसने कॅलेंडरवर लिहिला, पेन्सिलीने.
"मग? हळदीने, की टेकडीने?"

त्याने एक कॅप्सूल उघडली, तळहातावर ओतली,
खाली धरली.
तिसऱ्या कुत्र्याने हुंगलं, तोंड फिरवलं.
"खडू," ग्विलिम म्हणाला,
आणि बूट शोधू लागला.