ओमाहा म्हणजे ओहायो नाही

"मुलगी कुठे असते?"
नेरुळच्या आमच्या लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं.
ओमाहाला, मी म्हणतो.
"हां हां, ओहायो."
तेवढ्यात चौथा मजला येतो.
मी ओहायोतच उतरतो.

चौऱ्याऐंशी साली दादरच्या मावशीनं असंच विचारलं होतं,
"वाशी? बार्शीकडचं का रे?"
पुलापलीकडचं, मी म्हणालो.
तिनं कुमुदकडे पाहिलं,
हिला मी काळ्या पाण्यावर नेऊन ठेवतोय जणू,
आणि डब्यात चार लाडू जास्तीचे भरले.

सिडकोत आरेखक होतो मी.
ट्रेसिंग पेपरवर शाईच्या बारीक रेघा,
आणि जिथे झाड नव्हतं तिथे झाडाचा रबरी शिक्का :
एक गोल, आत चार फांद्या.
सेक्टर सहा, सेक्टर आठ, सेक्टर दहा.
नावं नंतर ठेवू, साहेब म्हणाले.
रिक्षावाल्याला मी अजून आकडाच सांगतो.

ऋजुताही आकडेच सांगते.
"मी बहात्तराव्या रस्त्यावर, बाबा. ऑफिस एकशे विसाव्या."
सगळं वीस मिनिटांवर.
डॉक्टर वीस, विमानतळ वीस,
कढीपत्ताही वीस, पण तो गुरुवारीच येतो.
समुद्र कुठल्याच बाजूला नाही.
नदी आहे, दूध कमी पडलेल्या चहासारखी.
"कंटाळा येतो का गं?"
"येतो. पण पार्किंग मिळतं."

एकदा ती दुकानापर्यंत चालत निघाली
तर तीन गाड्या थांबल्या.
बरी आहेस ना? गाडी बंद पडली का?
तिसरीतल्या म्हातारीनं तर दारच उघडून धरलं.
तिचं मन मोडवेना, म्हणून बसली शेवटी.
दूध घेतलं, त्याच गाडीतून परत.
हसत सांगत होती. मीही हसलो.
फोन ठेवल्यावर कुमुद म्हणाली,
"म्हणजे तिथे चालताना कुणी दिसतच नाही."

महिन्याच्या पहिल्या बुधवारी तिथे भोंगा वाजतो,
वादळाचा, खोटा, चालू आहे ना बघायला.
त्यांचे सकाळचे अकरा, आमचे रात्रीचे साडेनऊ.
कुमुद तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज कमी करते.
कशाला, ते मी विचारत नाही.

आता तिनं घर घेतलंय, शहर संपतं तिथे.
गेल्या वर्षीपर्यंत मका होता म्हणे.
प्लॉटचा नकाशा पाठवला : "बाबा, जरा बघून सांग."
सीवूड्सच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला.
उत्तर दिशा बरोबर. मापं फुटांत.
गॅरेज स्वयंपाकघराहून मोठं.
कुंपण नाहीच. आपलं कुठे संपलं
ते फक्त कागदाला ठाऊक.
आणि फुटपाथ तीन घरं अलीकडे थांबतो,
काहीतरी विसरल्यासारखा.

दुपारी पेन्सिलीला टोक केलं.
तिच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत,
कोपऱ्यापासून दुकानाच्या दिशेनं,
पाच फूट रुंद, वळणावर थोडी सूट देऊन.
शिक्का कधीच हरवला, झाड हातानंच काढलं.
कुणी बांधणार नाही, कळतं मला.
नोकरीभर नसलेलंच काढत आलो,
त्यातलं थोडं झालं.

इतक्यात करावे गावातला हिराजी तांडेल
बादलीत निवट्या घेऊन आला.
त्याचं खाचर माझ्याच हातून सेक्टर झालं,
नेमका कितवा, हे आम्ही दोघंही काढत नाही.
टेबलावर वाकला.
"काय काढतंस रं?"
"रस्ता. पोरीच्या घराचा. अमेरिकेत."
चष्मा वर सारून त्यानं बराच वेळ पाहिलं.
"कोनाचे शेतातनं?"

बादलीत निवट्या उड्या मारत होत्या.
"मका होता तिथे," मी म्हणालो.
"कोनाचा?"

तिला विचारून सांगतो, म्हटलं.
तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.