बारदान

दुपारी तीनला तोलाई आटोपली,
गाळ्यात कांद्याची टरफलं वाऱ्यावर फिरत होती,
तेव्हा कुणी बघत नाही असं पाहून
मी माझीच सॅक काट्यावर ठेवली.
सतरा किलो दोनशे.

सत्तावीस वर्षं मापाडी आहे वाशीच्या बाजारात.
लोकांच्या मालाचं वजन ओरडून सांगतो,
हे मात्र मनातल्या मनात म्हटलं.

भीमाशंकर ते आंबोली, सव्वीस दिवस,
जमेल तिथे डोंगराच्या धारेवरून.
रजा मंजूर आहे.
गुडघा अजून विचार करतोय.

घरी, कोपरखैरण्यात, सगळं फरशीवर मांडलं.
लेकीचा केकचा काटा घेतला, तो ग्रॅमही सोडत नाही.
टूथब्रशचं शेपूट कापलं, सात ग्रॅम.
तंबूच्या पिशवीचं लेबल उसवलं, तर काटा हललाच नाही,
पण मला बरं वाटलं.
जाड टॉवेल गेला, त्याच्या जागी जुना पंचा आला.
वृषाली दारातून बघत होती.
दुसरा स्वेटर, स्टीलचा डबा, मोठी बॅटरी,
चिवड्याचं अख्खं पाकीट,
एकेक उचलून ती परत आत ठेवायची.
‘असू दे, लागेल.’
पहाटे ती झोपल्यावर तेवढंच वेगळं तोललं :
या दोन शब्दांचं वजन तीन किलो आठशे.

पाणी मात्र ऐकत नाही.
लिटर म्हणजे किलो,
त्यात घासाघीस नाही, कटती नाही.

मग स्वतः उभा राहिलो, बाथरूमबाहेरच्या काट्यावर.
एक्क्याऐंशी.
बाजारात आम्ही बारदान वजा करतो :
गोणीचं गोणीला, मालाचं मालाला.
इथे गोणी कुठे संपते?
पोटावरचे हे सहा किलो
कुठल्या फडताळात काढून ठेवू?

दुसऱ्या दिवशी सॅक पुन्हा बाजारात आणली. अकरा चारशे.
सर्जेराव शेलार चहा पीत बसला होता गोण्यांच्या थप्पीला टेकून.
माथाडी, जावळीचा.
पन्नास किलोखाली ज्याने कधी काही उचललंच नाही,
त्याला मी टूथब्रशची गोष्ट सांगितली.
हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
कप ठेवला, सॅक पाठीवर घेतली,
बटाट्याच्या गाळ्यापर्यंत जाऊन आला.
मानेखाली त्याला गाठ आहे, लिंबाएवढी,
पट्टा तिला चुकवून त्याने बरोबर बसवला.

‘हलकंय,’ म्हणाला, ‘पर भरलंय चुकीचं.
जड ते मणक्याला लाव, वरच्या अंगाला.
वझं पाठीपासनं लांब गेलं की भांडाय लागतं.’

मी तिथेच सॅक रिकामी केली.
तांदूळ वर, मणक्याला. झोपायची पिशवी तळाला.
भर बाजारात माझे पायमोजे उघड्यावर.
दोन पोरं थांबून बघत राहिली.

मग त्याने विचारलं, वाट कुठनं.
धरणाच्या वरच्या अंगानं, म्हटलं, कांदाटीच्या बाजूनं.
तो उठला, आपल्या पिशवीत हात घालून
बराच वेळ काही तरी शोधत राहिला.
चष्म्याची निळी डबी निघाली.

‘थोरला भाऊ हाय तिथं. धोंडिबा.
म्हैस आली का माणूस आलं, वळखत न्हाय.
नंबर मागल्या दिवाळीला काढलेला,
न्यायला मला सवड न्हाय.’

हाताला अंदाज असतोच.
ऐंशी ग्रॅम, फार तर पंच्याऐंशी.
अख्ख्या आठवड्यात कापलेलं सगळं बारीकसारीक
एका मिनिटात परत आलं.

यादीत लिहायला पेन काढलं, ते तसंच राहिलं.
डबी वरच्या कप्प्यात, पंच्यात गुंडाळून ठेवली.
काट्याकडे गेलो नाही.

सर्जेराव पुढच्या गाडीकडे निघाला होता.
फळीवर एक पाय ठेवून वळला,
‘हातातच दे त्याच्या,’ म्हणाला.
‘आन् तो डोळ्याला लावंल,
तवा लगेच निघू नगो.
जरा हुबा ऱ्हा समोर.’