दुसरी पसंती

चॅपलमागच्या हॉलात
दोऱ्याला बांधलेली तीच बोथट पेन्सिल.
एलुनेडची फुली एकेचाळीस वर्षं
पडणाऱ्याच माणसापुढे.
शेजारच्या आडोशाला इद्वल,
त्याचा तर अनामतही घालवायचा.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ:
वेल्सच्या त्या खोऱ्यातून लंडनला
कायम तिसराच गेला.

आता दारात पत्रक पडलंय:
फुली नको, आकडे घाला.
पहिला पडला तर मत दुसऱ्याला जाईल.

ती चष्मा पुसते.
मेंढ्या मोजण्यात हयात गेली, आकड्यांचं काय!
नमुन्याच्या मतपत्रिकेवर
एक, आपल्या माणसापुढे.
मग पेन्सिल जरा थांबते.
इद्वलला जाऊन तीन हिवाळे झाले.

दोन.

हट्टी होता मेला.
माझ्या माणसाला त्यानं
तिसराच आकडा दिला असता.