प्रश्न क्रमांक चार

दोंडाईच्यात पथाऱ्यांवर मिरची वाळते तेव्हा
आधी एसटीच्या खिडक्या शिंकतात, मग माणसं.
मी उतरले. पिशवीत वीस कोऱ्या प्रती,
प्रत्येकीवर आडवा शिक्का : चाचणीसाठी.
बैल तपासतात दात बघून,
प्रश्नावली तपासायची
लोक कुठे अडखळतात ते बघून.
विचारायचं, थांबायचं, घड्याळ बघायचं,
आणि उत्तर आलं की पुन्हा विचारायचं :
या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?

हिलाल आप्पा फवारणीचे पंप दुरुस्त करतात.
‘आस्थापनेचे स्वरूप,’ मी वाचलं.
आप्पांनी दातात धरलेला वायसर काढला.
‘गणपती बसाडाना का? ती ते भादवामा व्हस.’
शेरा लिहिला : शब्द बदलावा.
‘दुकान’ लिहिलं, खोडलं. आप्पांना दुकान नाही,
एक निंब आहे
आणि निंबाला लटकवलेल्या सतरा नळ्या.

गिरासे शेठनी ‘कायम कामगार’पुढे
मागे वळून न बघता शून्य सांगितलं.
मागे अठ्ठावीस बायका देठं खुडत होत्या,
तोंडाला फडकी बांधून.
‘आणि ह्या?’
‘ह्या होय? ह्या रोज येतात.’
रोज म्हणजे कायम नव्हे, हे त्यांनी मला
फार सभ्यपणे, चहा पाजून समजावलं.

चौथा प्रश्न सोपा,
म्हणून आजवर कुणी तपासलाच नव्हता.
‘मालकाचे नाव?’
कौतिकबाईंनी पिठाच्या हातांनीच पदर सारखा केला,
शेजारच्या पोराला डोळ्याने खुणावलं : तू सांग.
‘धुडकू महारू माळी,’ पोरगं ओरडलं.
मी लिहिलं. पाचवा, सहावा, सातवा.
ज्वारी किती भिजते, बिबडे किती सुकतात,
कितीला जातात, धुळ्याचा व्यापारी
किती दिवस पैसे अडकवून ठेवतो,
सगळं बाईच सांगत होत्या, सुट्ट्या रुपयापर्यंत.
‘आणि धुडकूभाऊ?’
‘त्या सुरतले. नऊ वरीस व्हई गयात.’
‘मग या धंद्याचे मालक...’
‘धंदाना कोठे? तू ते मालक इचारा ना.’

मी तिथेच, उन्हात, पेनाचं टोपण शोधत राहिले.
मागच्या फेरीत, अख्ख्या तालुक्यात,
महिलांच्या मालकीचे व्यवसाय : सात.
पुढचं वाक्य मीच टंकलं होतं :
‘प्रमाण अत्यल्प आढळते.’
किती पोरं ओरडली असतील
किती नावं, अंगणाअंगणातून.

धुळ्याच्या कार्यालयात चौथा प्रश्न मोडायला काढला.
‘व्यवसाय कोण चालवते?’
साहेब म्हणाले, चालवतो तो ड्रायव्हर.
‘पैशाचा निर्णय कोणाचा?’
घरोघर भांडणं लावायला निघालात का?
आणि चौकट दोन सेंटिमीटरची आहे, मॅडम,
एवढं लक्षात घ्या.
दहा दिवसांनी, टोनर संपत आलेल्या यंत्रातून,
फिकट का होईना, बाहेर आलं :
उद्या कोण आलं नाही तर हे काम बंद पडेल?

पुन्हा गेले. खाट तीच, बिबडे ताजे.
विचारलं. घड्याळ सुरू केलं.
कौतिकबाईंनी वाळवणाच्या फडक्यावरचा दगड उचलला,
होता तिथेच परत ठेवला.
अकरा सेकंद.
‘मी,’ म्हणाल्या.
आणि लगेच, आवाज खाली आणून,
‘पन लिखू नको. मीटर त्यासना नावे शे.’

मी नियमाप्रमाणे विचारलं :
या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?
त्यांनी एक अर्धओलं बिबडं माझ्या हातावर ठेवलं.
‘तुले काय समजनं, ते सांग पहिले.’

परतीच्या बसमध्ये प्रत मांडीवर उघडली.
उत्तरास लागलेला वेळ : अकरा सेकंद.
शेरा :
पेन टेकवलं, तेवढ्यात बस पथाऱ्यांशेजारून वळली
आणि मला शिंक आली.