उंबरठा

पुतळाबाई भोये मूळच्या पेठच्या,
हंगामात दिंडोरीला द्राक्षाच्या विरळणीवर.
आज गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत
डोक्यावर चौसष्ट तारांची टोपी.
"तेल लावून यायचं नव्हतं," मी म्हणालो.
"बिनतेलाचं डोकं चालतं व्हय?"

पडद्यावर ठिपके: डावीकडे चाललेत की उजवीकडे?
आधी सांगितलं, सावकाश, पण चुकू नका.
मेंदूची रेघ तळातून निघाली,
दमादमानं चढत उंबरठ्याला टेकली,
मग बोट हललं. बरोबर.

मग सांगितलं, आता लवकर.
मला वाटायचं, घाईत उंबरठा खाली येत असेल.
तो जागचा हलला नाही.
ठिपके उमटण्याआधीच
रेघ वर येऊन बसलेली,
चपला घालून दाराशी उभ्या माणसासारखी.
जरा खुट्ट झालं की बाहेर.
शंभरात एकोणीस चुका.

आलेख दाखवला, तशा बराच वेळ बघत राहिल्या.
"मुकादम बांधावर आला की असंच होतं.
मणी दिसायच्या आधी कात्री मिटती.
कधी अख्खी पाकळीच खाली."
"मग?"
"मग काय. कात्री पदराला पुसायची.
चिकटलेली नसली तरी."

पाचच्या पेठ गाडीला त्या गेल्या.
टोपी धुऊन मी नोंदी चाळत बसलो.
प्रत्येक चुकीनंतरचं उत्तर
थोडं उशिरा आलेलं,
घाईच्या फेरीतसुद्धा.
त्या जागेला पुस्तकात नाव आहे.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
कात्री पुसते आहे.